रॉडच्या रिंगांत बर्फ का धरतो आणि तो कसा टाळायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हवा उणे 5-6 अंशांवर असताना तुम्ही नदीवर स्पिनिंग रॉडने ल्युअर (नकली आमिष) टाकता. रिळावर विणलेली लाइन, म्हणजे दोरा, आहे. आठ-दहा फेकांत टोकाची रिंग, ज्यातून दोरा जातो ती, बर्फाने बुजते. व्हॅसलीन लावून पाहिलंत, पण अर्ध्या तासात पुन्हा तेच. मागच्या वेळी बर्फ नखाने फोडायला गेलात आणि रॉडचं टोकच मोडलं. आता रिंगांना लावायला सगळ्यात चांगलं काय, एवढंच तुम्हाला हवं आहे.

काय लावायचं ते सांगतेच, पण सुरुवात तिथून केली तर कुठलाही लेप अपुराच पडेल. रिंगेतला बर्फ दोऱ्यावर बसून पाण्यातून येतो, आणि त्याला ओढून आणणारे आपणच असतो. ओला दोरा रिंगेतून जाताना त्याच्यावरचं पाणी रिंगेच्या कडेला निपटलं जातं, तिथेच थांबतं आणि गोठतं. पुढच्या फेकीचं पाणी त्या बर्फावर बसतं. मेणबत्ती करताना वातीवर थर चढतात तसा तो वाढत जातो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी रिंगेपर्यंत पोचणारं पाणी कमी करायचं. पोचलेलं पाणी गोठायच्या आत झटकायचं. लेप त्यानंतर. आणि एवढं करून बर्फ धरलाच तर तो वितळवायचा, फोडायचा नाही.

यातलं किती उपयोगी पडेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे. शून्य ते उणे 3 अंशांत, वारा नसताना नुसती पद्धत बदलूनही दिवस निभावतो. उणे 5 ते उणे 8 मध्ये सगळे उपाय एकत्र लागतात. उणे 10 च्या खाली फेकायचं आणि गुंडाळायचं हा प्रकार मी करतच नाही, कारण मासेमारीपेक्षा बर्फ काढण्यातच जास्त वेळ जातो. तिथे दोरा जवळजवळ स्थिर ठेवून गरवायच्या पद्धती घ्याव्यात. खाऱ्या पाण्यावर थोडी सवलत मिळते. समुद्राचं पाणी साधारण उणे 1.9 अंशांना गोठतं, त्यामुळे तिथे हा त्रास थोडा उशिरा सुरू होतो.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. हवामानाच्या अंदाजात ‘जाणवणारं तापमान’ देतात, ते आपल्या त्वचेसाठी असतं. कोरडी रिंग हवेपेक्षा थंड होत नाही, वाऱ्याने ती फक्त लवकर थंड होते. ओल्या रिंगेचं मात्र वेगळं आहे. तिच्यावरचं पाणी बाष्प होताना उष्णता घेऊन जातं आणि कोरड्या वाऱ्यात रिंग हवेपेक्षा एखाद-दोन अंशांनी, कधी त्याहूनही जास्त, खाली जाऊ शकते. हवा अधिक 1 किंवा 2 अंशांवर असूनही रिंगेत बर्फ दिसला तर तापमापी बिघडलीय असं समजू नका. अशा दिवशी काठावरच्या झाडांच्या किंवा उंच दरडीच्या आडोशाला जागा घेतली तर कुठल्याही लेपापेक्षा जास्त फरक पडतो.

आता पाणी कमी कसं करायचं ते बघू. तुमच्या अडचणीचं मोठं कारण मला विणलेली लाइन वाटते. तिचे धागे एकमेकांत गुंफलेले असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत पाणी भरतं. मोनो म्हणजे नेहमीचा नायलॉनचा तंगूस. त्याचा पृष्ठभाग सलग असतो, म्हणून पाणी मुख्यतः वरच्यावरच राहतं. नायलॉन स्वतः थोडं पाणी शोषतं, पण ते रिंगेत निथळणारं पाणी नव्हे. फ्लुओरोकार्बन हे दोऱ्याचं दुसरं प्लॅस्टिक. ते जवळजवळ पाणी शोषतच नाही आणि सर्वांत कोरडं येतं. त्याची खोड एकच: थंडीत ते ताठ होतं, आणि स्पिनिंग रिळावर जाड फ्लुओरोकार्बन वेटोळ्यांनी सुटायला लागतं. म्हणून पूर्ण रीळ त्याने भरायचं असेल तर बारीक आणि मऊ प्रकारचं घ्यावं. बहुतेकांना थंडीसाठी एक जादा स्पूल (रिळाची दोरा गुंडाळायची फिरकी) मऊ मोनोने भरून ठेवणं सोपं पडतं.

विणलेली लाइन सोडवतच नसेल तर मधला मार्ग आहे. तुमची फेक साधारण 25 मीटर जात असेल तर पुढे 30 मीटरभर मोनो किंवा बारीक फ्लुओरोकार्बन बांधा. म्हणजे नेहमीच्या फेकीत विणलेली लाइन स्पूलवरच राहते आणि रिंगांतून फक्त गुळगुळीत दोरा ये-जा करतो. शिवाय गाठही स्पूलवरच राहते, आणि माझ्या मते फायदा खरा इथे आहे. आखूड लीडर (पुढे जोडलेला दोरा) बांधला की गाठ प्रत्येक फेकीत सगळ्या रिंगांतून जाते. गाठीत पाणी अडकतं, आणि अर्धवट बुजलेल्या रिंगेत आधी तीच अडते. फेकताना गाठ अडली तर ल्युअर तुटून जातो. मोठा मासा पळताना अडली तर मासा जातो, किंवा रॉडचं टोक जातं.

लाइनवर सिलिकोनचं कंडिशनर मारल्याने मदत होते, फक्त ते आदल्या रात्री घरात मारायला हवं. स्पूलवर फवारा, मुरू द्या, सकाळी वरचं ओलं फडक्याने पुसून घ्या. नदीवर ओल्या लाइनवर मारलेलं कंडिशनर पाण्याच्या वरच राहतं आणि दहा फेकांत निघून जातं.

पण लाइनपेक्षाही मोठा वाटा तुमच्या पद्धतीचा आहे. जरा हिशोब करून बघा. मिनिटाला एक फेक आणि प्रत्येक फेकीला 25 मीटर दोरा परत, म्हणजे तासाला 1500 मीटर ओला दोरा टोकाच्या रिंगेतून जातो. तेच तुम्ही फ्लोट (तरंगणारं बूच) लावून 20 मीटर वाहू दिलात, आमिष खोल डोहात थोडा वेळ ठेवलंत आणि पाच मिनिटांनी एकदा गुंडाळलंत, तर तासाला 240 मीटर. सहापटीहून जास्त फरक पडला आणि खर्च काहीच नाही. यात माशांच्या बाबतीतही काही गमवावं लागत नाही. थंड पाण्यात माशाचं शरीर मंदावतं, तो लांबवर पाठलाग करत नाही. भराभर ओढलेल्या ल्युअरपेक्षा तळाजवळ रेंगाळणारं आमिष त्याला परवडतं. पाणी सर्वांत जड असतं 4 अंशांना, म्हणून खोल, साचलेल्या पाण्यात तळाशी साधारण तेवढी ऊब टिकते आणि मासे तिकडे जातात. वाहत्या नदीत असे थर फारसे राहत नाहीत. तिथे मासा प्रवाहाचा जोर टाळायला संथ, खोल जागी बसतो. दोन्हीकडे हळू गरवणंच योग्य, आणि हळू गरवलं की बर्फही कमी. जड जिग (वजनदार डोक्याचा गळ) खाली सोडून रॉडच्या टोकाखालीच हलवत राहणं सगळ्यात उत्तम, कारण त्यात दोरा रिंगेतून जवळजवळ सरकतच नाही.

ल्युअरच टाकायचा असेल तर दोन सवयी लावून घ्या. पहिली म्हणजे, गुंडाळताना रॉडचं टोक चार बोटं पाण्याखाली धरा. पाणी शून्याच्या वर असतं, त्यामुळे गुंडाळत असेपर्यंत टोकाच्या रिंगेत बर्फ धरूच शकत नाही. दुसरी, टोक बाहेर काढल्याबरोबर एक हलका झटका द्या. याला कारण आहे. 4 अंशांचं एक ग्रॅम पाणी शून्यावर आणायला जेमतेम 17 जूल उष्णता काढावी लागते, पण शून्यावरच्या त्याच पाण्याचा बर्फ व्हायला 334 जूल काढावे लागतात. म्हणजे थेंब शून्यावर पोचतो चटकन, पण पुरता गोठायला त्याला वेळ लागतो. तो वेळ तुमचा आहे. त्यात थेंब उडवलात तर बर्फ व्हायला काही उरत नाही. ल्युअर काढून, न्याहाळून, इकडेतिकडे बघून मग झटकलात तर उशीर झालेला असतो.

आता लेप. यांचं काम वेळ विकत घेणं इतकंच. कुठलाच लेप बर्फ थांबवत नाही. तो पाणी पसरू देत नाही आणि धरलेला बर्फ सहज सुटू देतो. मी सिलिकोनची पेस्ट वापरते. खास रॉडच्या रिंगांसाठी विकली जाणारी पेस्ट मिळाली तर उत्तम. नाही तर ओठांना लावायचा मेणाचा साधा, वासरहित बाम बऱ्यापैकी चालतो. व्हॅसलीनही चालतं, पण थंडीत ते घट्ट होतं, आपण ते जाड थापतो, आणि दोरा ते खरवडून पुढे नेतो. तुमचा लेप अर्ध्या तासात गेला त्याचं कारण बहुधा हेच, किंवा तो ओल्या रिंगेवर लावला गेला. कुठलाही लेप घरात, ऊब असताना, पुसून कोरड्या केलेल्या रिंगांवर लावायचा. इअरबडने रिंगेच्या आतून आणि तिच्या धातूच्या पायांवर पातळ हात फिरवायचा. पायांना लावायचं बरेच जण विसरतात, आणि तिथूनच बर्फ आत सरकत येतो. टोकाकडच्या तीन-चार रिंगांना नीट लावा, खालच्या मोठ्या रिंगांना नुसता हात पुरे. मग बोटं स्वच्छ पुसा, नाहीतर तोच वास आमिषाला लागतो.

फ्लाय रॉडवर (नकली माशीने गरवायच्या रॉडवर) पेट्रोलियमपासून बनलेलं काहीच लावू नये, कारण बऱ्याच फ्लाय लाइनवरचं आवरण पीव्हीसीचं असतं आणि अशा पदार्थांनी ते हळूहळू खराब होतं. तिथे सिलिकोनच.

स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा बरेच लोक मारतात. तो तासाभराचा उपाय आहे आणि नंतर रिंगा साबणाने धुवाव्या लागतात, नाहीतर तेल चिकट होऊन त्यावर माती बसते. डब्ल्यूडी-40 सारखे फवारे मला मान्य नाहीत. ते पाण्यात उतरतात, पाण्यावर तवंग येतो, आणि एवढं करून टिकतही नाहीत. गाडीच्या काचेवरचा बर्फ काढायचं रसायन तर नदीच्या आसपासही नेऊ नका. त्यात मिथेनॉल किंवा एथिलीन ग्लायकॉल असू शकतं, दोन्ही विषारी, आणि तुम्ही त्याच बोटांनी मासा आणि डबा हाताळणार. ग्लिसरीन पाण्यात विरघळतं, म्हणजे पहिल्या फेकीतच गेलं. मिठाचं पाणी चोळायचा सल्ला कुणी दिला तर धातूच्या गंजाचा विचार करा.

एवढं करूनही बर्फ धरेल. धरला की टोक पाण्यात बुडवा आणि हलकेच फिरवत राहा. बर्फाळ हवेत उभं राहून पाण्याने बर्फ वितळवायचा हे विचित्र वाटतं, पण स्थिर पाणी स्थिर हवेच्या सुमारे 25 पट उष्णता वाहून नेतं, आणि 2-3 अंशांचं पाणी बर्फाला गरमच असतं. पाच-दहा सेकंदांत बर्फाची कडी सैल होते. मग बाहेर काढून झटका. खालच्या रिंगांसाठी दोन बोटांत रिंग धरून बर्फ सुटेपर्यंत थांबायचं. रीळ मात्र कधीही बुडवायचं नाही. लाइन रोलरमध्ये (दोरा ज्यावरून वळतो त्या चाकात), बेलच्या म्हणजे दोरा पकडणाऱ्या तारेच्या सांध्यात आणि ड्रॅगच्या म्हणजे ब्रेकच्या चकत्यांत पाणी शिरून गोठलं की ते नदीवर सुटत नाही. घरी येईपर्यंत रीळ गेलं असं समजा.

बुडवण्याचा उपाय कधी चालत नाही, तेही लक्षात ठेवा. नदीत बर्फाचे बारीक कण चिखलासारखे वाहताना दिसले तर पाणी शून्यावर, कधी शून्याच्या किंचित खालीही असतं. त्यात टोक बुडवलं तर बर्फ वितळत नाही, उलट ते कण रिंगांना येऊन चिकटतात. अशा वेळी बोटांची ऊब हाच मार्ग. खरं सांगायचं तर असं पाणी दिसलं की मी सामान आवरते, कारण ते कण दोऱ्यावरही बसतात आणि आमिष नीट वाहत नाही. ऊन वर आल्यावर, दुपारच्या सुमारास, पुष्कळदा ते निवळतं.

फोडण्याबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको, टोक मोडून झालंच आहे. पण का मोडलं हे समजलं तर हात आपोआप आवरेल. कार्बनची काठी वाकायला मजबूत असते, पण एका बिंदूवर दाब किंवा ठोका सहन करत नाही. नखाने बर्फ रेटताना सगळा जोर रिंगेच्या मुळाशी येतो, जिथे काठी सर्वांत बारीक असते. शिवाय रिंगेच्या आत सिरॅमिकचं कडं असतं. त्याला बारीकशी चीर गेली तरी डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढे आठवडाभर लाइन का कापली जातेय ते कळत नाही. कापसाचा बोळा कड्यातून फिरवून बघा. धागा अडकला तर कडं गेलेलं आहे. थर्मासमधलं उकळतं पाणी ओतणंही टाळा. धातू आणि सिरॅमिक सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत.

बर्फ धरलेला असतानाच मासा लागला तर काय? रॉड उंच उचलून वाकवू नका. टोक खाली, माशाच्या दिशेने आणि पाण्यात. त्यामुळे दोरा रिंगांतून सरळ जातो, टोकावरचा ताण कमी होतो आणि पाण्यातच कडी सुटते. दोरा अडकलेलाच राहिला तर ड्रॅगच्या भरवशावर राहू नका, जमिनीवरून चार पावलं माशाबरोबर जा. आणि मासा सोडून देणार असाल तर गळ पाण्यातच काढा. शून्याखालच्या हवेत ओले कल्ले लवकर गोठतात आणि वरून धडधाकट दिसणारा मासा पुढे जगत नाही. फोटोसाठी सुद्धा तो वर धरू नये, असं माझं मत आहे.

सामानाबद्दल थोडं. थंडीसाठी वेगळा रॉड घ्यायचा विचार असेल तर सूक्ष्म रिंगांचा रॉड टाळा. त्या उन्हाळ्यात छान असतात, पण छिद्र जितकं लहान तितकं लवकर बुजतं. मोठ्या, कमी रिंगा हव्यात. निकेल-टायटॅनियमच्या सलग तारेच्या रिंगा मिळतात. त्या बोटांनी दाबल्या की वाकतात, बर्फ तडकून पडतो आणि रिंग मूळ आकारात येते. फोडायचा नाही म्हणाले त्याला अपवाद तेवढाच. फ्लायवाल्यांसाठी आणखी एक वाट आहे: जपानी पद्धतीचा तेनकारा रॉड. त्याला रीळही नाही आणि रिंगाही नाहीत, दोरा थेट टोकाला बांधतात. लहान नदीवर, लहान माशांसाठी, कडक थंडीत त्याच्याइतकं निवांत काही नाही.

हातांची काळजी मी रॉडच्या आधी घेते. रिंग चोळताना बोटं ओली होतात, आणि ओल्या बोटांना वारा लागला की हिमदंशाला वेळ लागत नाही. एक जाडसर पंचा कमरेला अडकवा, प्रत्येक वेळी बोटं पुसा, हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड जॅकेटच्या आत ठेवा. रिंग तोंडात धरून बर्फ वितळवायची सवय असेल तर सोडा. कडक थंडीत धातूला ओठ चिकटतात. बोटांची टोकं पांढरी आणि बधिर झाली तर त्या दिवसाची मासेमारी संपली.

घरी आल्यावर रॉड ओलाच नळीत घालू नका. तुकडे वेगळे करून उभे ठेवा. सांधे गोठून घट्ट बसले असतील तर पिळून ओढण्याऐवजी घरातल्या उबेत थोडा वेळ राहू द्या, आपोआप सुटतात. रिळाचा ड्रॅग सैल करून ठेवा आणि बाहेर जमलेला दमटपणा पुसून घ्या.

राहिला तुमचा मोडलेला रॉड. टोकाचे चार-पाच सेंटिमीटरच गेले असतील तर तो टाकू नका, थंडीसाठी तोच वापरा. मोडलेल्या जागेपासून उभी चीर खाली गेली आहे का ते उजेडात बघा. गेली असेल तर शाबूत भागापर्यंत बारीक कानशीने घासत कापा, पक्कडीने तोडू नका. आणि घासताना नाका-तोंडावर मास्क असू द्या, कार्बनची धूळ फुप्फुसांना वाईट. मग तिथे काठीची जाडी मोजा. टोकाच्या रिंगेला दोन मापं असतात, नळीचं आणि कड्याचं. नळी काठीच्या मापाची घ्या, कडं आधीपेक्षा एक-दोन मापांनी मोठं. ती बसवायला गरम करून लावायचा सरस वापरा, इपॉक्सी नको, म्हणजे पुढे कधी बदलायची झाली तर नळीला थोडी ऊब दिली की निघेल. ऊब धातूच्या नळीला द्यायची, काठीला ज्योत लागू द्यायची नाही. टोक थोडं ताठ झाल्यासारखं वाटेल, जिगला आणि फ्लोटला ते चालतं. सरस मऊ असतानाच बुडख्याकडून एक डोळा मिटून बघा आणि नवी रिंग बाकीच्या रिंगांच्या ओळीत आणा, कारण तो थंड झाला की हलवायला पुन्हा गरम करावं लागतं.